सव्वा महिना संपतो आणि बाळाचं रडणं वाढतं, असं का होतं? रडणाऱ्या बाळाला शांत कसं करायचं?

रात्रीचे आठ वाजलेत. वाघोलीतल्या एका सोसायटीच्या सातव्या मजल्यावर दीड महिन्याचं बाळ गेला तासभर रडतंय. दूध पाजून झालंय, लंगोट बदलून झालाय. बाबा खराडीच्या ऑफिसमधून निघालेत, पण नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत. आजी परवाच लातूरला परत गेलीये. मालिशवाल्या बाईंचे चाळीस दिवसही गेल्या आठवड्यात संपले. शेजारच्या काकू दारात येऊन विचारतात, "अगं, दूध पुरत नसेल का त्याला?"

हे चित्र काल्पनिक असलं तरी वाघोलीत नवीन नाही. गेल्या काही वर्षांत इथे मोठमोठे गृहप्रकल्प उभे राहिले. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत २३ गावं आली, त्यात वाघोलीही होती. मराठवाडा, विदर्भ, खान्देशातून नोकरीसाठी पुण्यात आलेली अनेक तरुण जोडपी इथे राहतात. घरात माणसं दोनच, आणि तिसरं येतं ते थेट रडतच.

बाळ रडतं तेव्हा पहिला प्रश्न असतो, त्याला काही दुखत तर नाही ना? दुसरा प्रश्न सहसा कोणी बोलून दाखवत नाही. तो म्हणजे, माझंच काही चुकतंय का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं समजून घेऊ.

बाळ किती रडलं म्हणजे 'जास्त' म्हणायचं?

नवजात बाळाकडे भाषा नसते. भूक, थंडी, ओला लंगोट, थकवा, नुसतं कुशीत घ्यावंसं वाटणं, हे सगळं सांगायला त्याच्याकडे एकच साधन असतं, ते म्हणजे रडणं. त्यामुळे निरोगी बाळही रोज रडतं.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रॅझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रोजच्या नोंदी आयांनीच ठेवल्या होत्या. त्यात एक ठळक क्रम दिसला. दोन आठवड्यांची बाळं दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत होती. सहाव्या आठवड्यात हा आकडा पावणेतीन तासांवर गेला. बाराव्या आठवड्यापर्यंत तो एका तासाच्या आसपास खाली आला. रडण्याचा जोर संध्याकाळी जास्त होता.

म्हणजे रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. नंतरच्या अभ्यासांमध्येही साधारण असाच चढ-उतार दिसला. आफ्रिकेतल्या कलाहारी भागात राहणाऱ्या कुंग सान समाजातल्या आया बाळाला दिवसभर अंगाशी बांधून ठेवतात आणि मागेल तेव्हा दूध पाजतात. तिथल्या बाळांचं रडणं एकूण वेळेत बरंच कमी भरलं, पण सुरुवातीच्या आठवड्यांत वाढण्याचा आणि मग कमी होण्याचा क्रम त्यांच्यातही होता.

याचा अर्थ, ही चढण बाळाच्या वाढीचाच भाग आहे. ती आईने काय खाल्लं, तिला किती अनुभव आहे किंवा ती कुठे राहते यावर ठरत नाही.

मग सव्वा महिन्यानंतरच त्रास का जाणवतो?

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपायची पद्धत आहे. या काळात आई किंवा सासू सोबत असते. मालिश, शेक, आंघोळ, डिंकाचे-अळिवाचे लाडू, सगळं दुसरं कोणीतरी बघतं. अनेक मुली माहेरी असतात.

चाळीस दिवस होतात आणि ही व्यवस्था एकेक करून संपत जाते. मालिशवाल्या बाई येणं थांबवतात. आजीला गावाकडचं घर बघायचं असतं. नवजात बाळासाठीच्या आशा ताईंच्या ठरलेल्या घरभेटींपैकी शेवटची ४२ व्या दिवशी असते. वडिलांची रजा तर कधीच संपलेली असते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पितृत्व रजा १५ दिवसांची आहे आणि खासगी कंपन्यांमध्ये ती कंपनीच्या धोरणावर ठरते. त्यातच दीड महिन्याचं लसीकरण याच आठवड्यात येतं आणि त्यानंतर एक-दोन दिवस बाळ चिडचिडं होऊ शकतं.

आता हे ब्रॅझल्टन यांच्या नोंदींशी जुळवून बघा. रडणं सगळ्यात जास्त असतं सहाव्या आठवड्यात, म्हणजे ४२ व्या दिवसाच्या आसपास. घरातली मदतही नेमकी तेव्हाच कमी होते. आईला वाटतं, 'आई होती तोवर बाळ शांत होतं, माझ्याकडे आलं आणि रडायला लागलं.' प्रत्यक्षात आजी असती तरी रडणं वाढलंच असतं. फरक इतकाच की तेव्हा बाळाला घ्यायला हात जास्त असते.

म्हणून बाळाच्या जन्माआधीच एक हिशेब करून ठेवावा. सगळी मदत पहिल्या दोन आठवड्यांत संपवू नये. शक्य असेल तर आजीचं येणं किंवा वडिलांच्या रजेचे काही दिवस पाचव्या ते आठव्या आठवड्यासाठी राखून ठेवावेत.

रडणाऱ्या बाळाचं आधी काय तपासायचं?

रडणं सुरू झालं की घाबरून दहा उपाय एकदम करण्यापेक्षा क्रमाने बघत जावं.

भूक: नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं. भुकेची पहिली खूण रडणं नसते. बाळ आधी ओठ हलवतं, मान वळवून तोंडाने शोधतं, मूठ तोंडाकडे नेतं. रडणं ही उशिराची खूण आहे. खूप रडणाऱ्या बाळाला नीट चोखताही येत नाही, म्हणून आधी थोडं शांत करून मग पाजावं.

ढेकर: दूध पिताना हवा पोटात जाते. बाळाला खांद्यावर उभं धरून पाठीवर हलके थोपटावं.

लंगोट: ओला किंवा घाण झालाय का, मांड्यांमध्ये पुरळ आलंय का ते बघावं.

गरम होतंय की गार: पुण्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यातही बाळाला टोपडं, मोजे आणि दोन दुपटी घातलेली दिसतात. हातपाय गार लागले म्हणजे बाळाला थंडी वाजतेय असं नाही. छातीला किंवा पोटाला हात लावून बघावं. घाम आला असेल तर एक कपडा कमी करावा.

बोटं: हा मुद्दा अनेकांना माहीत नसतो. बाळंतपणानंतर आईचे केस खूप गळतात. असा एखादा लांब केस किंवा मोज्यातला सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊ शकतो. बोट सुजतं, लाल-निळं होतं आणि बाळ काही केल्या थांबत नाही. म्हणून मोजे काढून हातापायाची सगळी बोटं बघावीत.

थकवा: दिवसभर पाहुण्यांच्या हातात फिरलेलं बाळ संध्याकाळी कावतं. त्याला मंद उजेडाची, शांत खोली हवी असते.

सगळं ठीक आहे, तरी रडतंय. आता?

कुशीत घेणं: 'हाताची सवय लागेल' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. पहिल्या तीन महिन्यांत या भीतीला फारसा आधार नाही. कॅनडातल्या हुंझिकर आणि बार यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही आयांना, बाळ रडत असो वा नसो, त्याला रोज जास्त वेळ कडेवर किंवा झोळीत घ्यायला सांगितलं होतं. सहा आठवड्यांच्या वयात त्यांची बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी वेळ रडत होती. मात्र ही सर्वसाधारण बाळं होती. ज्यांचं रडणं मुळातच खूप जास्त आहे, अशा बाळांमध्ये इतका फरक नंतरच्या अभ्यासात दिसला नाही.

घेऊन चालणं: नुसतं बसून धरण्यापेक्षा चालणं जास्त लागू पडतं. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सांगितलेली पद्धत सोपी आहे. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं न थांबता, एका लयीत चालायचं. झोप लागली की लगेच खाली ठेवायचं नाही, कारण अंगापासून दूर होताना बाळ दचकून जागं होतं. आधी पाच ते आठ मिनिटं घेऊन बसायचं, मग अलगद ठेवायचं.

अंगाला अंग: बाळाला फक्त लंगोटावर आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दुपटं घ्यावं. कमी वजनाच्या बाळांसाठी रुग्णालयात वापरतात ती 'कांगारू मदर केअर' पद्धत हीच. बाबाही हे करू शकतात. बाळ छातीवर असताना मोठ्या माणसाला डुलकी लागणार नाही, एवढं मात्र बघावं.

लय आणि आवाज: अंगाई, एकसारखं 'शू-शू', पंख्याची घरघर यांनी अनेक बाळं शांत होतात. मोबाइलवर असा आवाज लावला तर तो हळू ठेवावा आणि फोन बाळापासून लांब असावा.

दुपट्यात गुंडाळणं: हात आत घेऊन गुंडाळलं की बाळ दचकायचं थांबतं. पण कंबरेखाली दुपटं सैल असावं. पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याच्या सांध्याला त्रास होऊ शकतो. झोपवताना बाळ पाठीवरच असावं आणि जवळ मऊ उशी, लोड, जाड पांघरूण नसावं.

एखादा उपाय दोन मिनिटांत सोडून दुसरा करू नये. पाच-दहा मिनिटं एकच गोष्ट करून बघावी.

'कॉलिक' म्हणजे नेमकं काय?

बाळ निरोगी आहे, वजन वाढतंय, पण रोज संध्याकाळी मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन तासन्‌तास रडतं. याला डॉक्टर 'कॉलिक' म्हणतात. मॉरिस वेसेल यांनी १९५४ मध्ये त्याची 'तीनची व्याख्या' केली. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडणं.

याचं एकच ठोस कारण अजून सापडलेलं नाही. पाय पोटाशी घेतले म्हणून 'गॅस झाला' असं समजलं जातं, पण जोरात रडणारं कुठलंही बाळ असंच करतं आणि रडताना गिळलेल्या हवेमुळे गॅस नंतरही होतो. गॅससाठी दिलं जाणारं सिमेथिकोन कॉलिकच्या चाचण्यांमध्ये बिनऔषधाच्या थेंबांपेक्षा सरस ठरलेलं नाही. कॉलिक तीन-चार महिन्यांत आपोआप जातं.

गुटी, ग्राइप वॉटर, मध: द्यायचं की नाही?

बाळाला 'गप्प' करण्याची घाई जुनी आहे आणि तिचा इतिहास चांगला नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळांना झोपवून ठेवण्यासाठी अफू द्यायच्या. त्या गोळ्यांना 'बाळागोळी' म्हणत. पाळणाघर नाही, पाळी चुकवली तर मजुरी नाही, मग दुसरा मार्ग काय, अशी त्यांची अडचण होती. १९३१ च्या कामगारविषयक शाही आयोगाच्या अहवालातही अफू देण्याच्या या प्रथेची दखल आहे.

आज अफू नाही, पण घाई तशीच आहे. म्हणून काही गोष्टी स्पष्ट असलेल्या बऱ्या.

ग्राइप वॉटर: १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी ते विकायला सुरुवात केली. मूळ मिश्रणात मद्यार्क होता. आता तो नसतो, पण त्याने रडणं थांबतं याचा भक्कम पुरावाही नाही.

मध: एक वर्षाच्या आत अजिबात नाही. मधातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे लहान बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. चोखणीला मध लावून देणं हाही त्याच धोक्याचा प्रकार आहे.

गुटी: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, पाणीही नको. सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर गुटीतून जंतू पोटात जातात.

मोठ्यांची औषधं: पोटदुखीवरचं डायसायक्लोमिन सहा महिन्यांखालच्या बाळांना देऊ नये. त्याने श्वासाचा त्रास झाल्याची उदाहरणं आहेत. झोप आणणारं सर्दीचं सिरपही देऊ नये.

मालिश हलक्या हाताने केली तर चांगलीच. पण नाका-कानात तेल सोडणं, छाती पिळणं, डोकं दाबून आकार देणं टाळावं. मीठ-मोहरीने दृष्ट काढली तर बाळाचं बिघडत नाही, पण ओवा-धुपाची धुरी देऊन बंद फ्लॅटमध्ये धूर कोंडला तर त्याच्या श्वासाला त्रास होतो.

दूध पुरत नाही, हे कसं ओळखायचं?

संध्याकाळी रडतंय म्हणजे दूध कमी पडतंय, असा निष्कर्ष काढून अनेक घरांत डब्याचं दूध सुरू होतं. बाळ अंगावर कमी ओढतं, मग आईचं दूध खरंच कमी होत जातं.

रडण्यावरून दुधाचा अंदाज घेऊ नये. लंगोट मोजावेत आणि वजन बघावं. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढत असेल, तर दूध पुरतंय. तसं नसेल तर आधी डॉक्टरांकडून बाळाची पकड तपासून घ्यावी.

कोणत्या रडण्याला घाबरायचं?

याचं उत्तर शोधायला गडचिरोलीकडे जावं लागतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांमध्ये थोडंफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासायच्या. या गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आशा ताई आज देशभर ज्या घरभेटी देतात, तो २०११ पासूनचा कार्यक्रम याच कामावर उभा आहे.

जंतुसंसर्ग ओळखायला आरोग्यदूतांना काही खुणा शिकवल्या होत्या. त्यातली एक रडण्याची होती. पण 'बाळ खूप रडतंय' ही ती खूण नव्हती. 'आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं किंवा थांबलं' ही खूण होती. तशीच दूध ओढण्याची: आधी नीट पिणारं बाळ कमी प्यायला लागलं किंवा प्यायचं थांबलं.

घरातल्यांसाठी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. खणखणीत आवाजात रडणारं, जवळ घेतल्यावर काही वेळाने तरी शांत होणारं, मधल्या वेळेत नीट दूध पिणारं बाळ बहुधा ठीक असतं. अचानक 'शहाणं' झालेलं, मलूल पडलेलं, कुंथल्यासारखा आवाज करणारं बाळ जास्त काळजीचं असतं.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नये:

- रडणं क्षीण, कण्हल्यासारखं किंवा नेहमीपेक्षा वेगळं, खूप तीव्र आणि कर्कश झालं
- दूध पिणं बंद किंवा खूप कमी झालं
- बाळ ढिलं पडलं, उठवूनही नीट जागं होत नाही
- काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त, अथवा ३५.५ पेक्षा कमी
- शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, किंवा छाती आत ओढली जाणं
- हिरवी उलटी, शौचात रक्त, पोट फुगून कडक होणं
- झटके, टाळू फुगणं, ओठ निळे पडणं
- जांघेत गाठ येणं, किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं न थांबणारं रडणं

१०८ वर रुग्णवाहिका मिळते. गरोदर स्त्रिया आणि नवजात बाळांसाठी १०२ ही सेवाही आहे. वाघोलीकरांनी आणखी एक गोष्ट आधी ठरवून ठेवावी. रात्री नवजात बाळाला दाखल करून घेणारं जवळचं रुग्णालय कोणतं आणि संध्याकाळी नगर रोड तुंबलेला असताना तिथे कसं पोहोचायचं, हे दोघांनाही माहीत हवं.

आणि आई-बाबांचं काय?

सलग दोन तास रडणं ऐकून संताप येणं माणसासारखं आहे. त्या संतापात एक गोष्ट मात्र कधीही होता कामा नये, ती म्हणजे बाळाला धरून जोरात हलवणं. बाळाची मान कमजोर असते. काही सेकंदांच्या झटक्यांनीही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू येऊ शकतो.

हाताबाहेर जातंय असं वाटलं तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवावं, दार ओढून घ्यावं आणि पाच-दहा मिनिटं गॅलरीत उभं राहावं. पाणी प्यावं, कोणाला तरी फोन करावा, मग परत यावं. तेवढा वेळ एकटं रडल्याने बाळाला इजा होत नाही. हे घरात जो कोणी बाळाला सांभाळतो, त्या प्रत्येकाला सांगून ठेवावं.

आईला दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल किंवा स्वतःला-बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तो प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. 'टेली मानस' या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. इजा करण्याचे विचार असतील तर आईला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

शेजारच्या काकूंनाही यात करण्यासारखं बरंच आहे. 'दूध पुरत नसेल' म्हणण्याऐवजी 'आण इकडे, मी घेते अर्धा तास, तू जेवून घे' म्हटलं, तर त्या सातव्या मजल्यावरची संध्याकाळ थोडी सोपी होईल. बाराव्या आठवड्यापर्यंत रडणं बहुधा कमी झालेलं असेल. तोवर बाळाला घ्यायला दोनपेक्षा जास्त हात असावेत, एवढंच बघायचं.